काटा

पोत्याचं वजन चौसष्ट किलो.
एवढं या गावात सगळ्यांना पाठ आहे,
शाळा न पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही.
काट्याच्या पोटात मात्र एक स्क्रू आहे,
पितळेचा, हरभऱ्याएवढ्या डोक्याचा.
तो फक्त मला आणि डोन्कोरसाहेबांना ठाऊक.
पाव फेरा डावीकडे,
आणि सदुसष्ट किलो कोको चौसष्ट होऊन
ट्रकमध्ये चढतो.
तीन किलोंचं काय होतं ते विचारू नका.
माझ्या घरावरचे पत्रे पाहा.

बोन्सुक्रोमच्या प्रार्थनाघरात
मी दर रविवारी दुसऱ्या बाकावर बसतो,
मंडळीचा खजिनदार.
दानाची थैली मीच मोजतो.
अकरा वर्षांत तिथला एक पेसेवा
इकडचा तिकडे झालेला नाही.
हे मी स्वतःला पुष्कळदा सांगतो,
विशेषतः रात्री.

मोह म्हणजे मला वाटायचं
अक्राच्या रस्त्यावरची लाल दिव्याची खोली,
बाटली, परक्याची बायको.
त्यांच्याजवळून मी मान खाली घालून गेलो
आणि स्वतःवर खूश झालो.
हा आला तो शिंगं-शेपटी घेऊन नाही.
थोरल्या मुलीच्या फीची पावती होऊन आला,
सेरवाच्या औषधाची चिठ्ठी होऊन,
साहेबांच्या मऊ आवाजात
"अरे, सगळेच काटा मारतात" म्हणत,
खांद्यावर हात ठेवून.
हात उबदार होता.

डिसेंबरात हरमॅटन सुटला.
ओठ फुटले, झाडापानांवर पांढरी धूळ.
प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी
मी काचेचे इवले पेले विसळत होतो
आणि हाताला वास येत होता
केळीच्या पानांखाली आंबलेल्या बियांचा.
साबण लावला. लिंबू चोळलं.
मग आठवलं,
एका तहानलेल्याच्या ओठांना
असलीच आंब लावली होती,
आणि लावणारा हातही
कुणा पगारी माणसाचाच असणार.

पेले तसेच टाकून गोदामात गेलो.
मोबाइलच्या उजेडात स्क्रू काढला.
मूळ यंत्रात तो नव्हताच,
त्यामुळे सहज निघाला.
इतका सहज, की रडू यायच्या ऐवजी
मला रागच आला.
पायातला काटा निघावा तसा निघाला,
लंगडणं मात्र राहिलं.

सोमवारी मामे अफ्रिये पोतं घेऊन आली.
काट्यानं सदुसष्ट दाखवले.
तिनं काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा काट्याकडे.
"आज कोणती नवी चलाखी, खजिनदार?"
आणि पोतं परत हातगाडीवर चढवून
ती रस्त्यापलीकडच्या माणसाकडे गेली,
जो पाच किलो मारतो,
पण उधार देतो, आणि हसतो.

मी काय ओरडून सांगणार होतो?
की आजवर तुला लुटत होतो,
म्हणून आज माझ्यावर विश्वास ठेव?

साहेब रागावले नाहीत.
वही मिटत म्हणाले,
"देवमाणूस झालास की. बरं, शुक्रवारपर्यंत बघू."
घरी सेरवानं काही विचारलं नाही.
तिनं गोळी मधोमध मोडली
आणि उरलेली अर्धी डबीत परत ठेवली.
मी दारात उभा होतो.
तिला वाटलं, मी पाहिलं नाही.

स्क्रू अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे.
विहिरीत टाकायला दोनदा गेलो,
दोनदा पाणी भरून आलो.
प्रार्थनेत, परीक्षेपासून दूर ठेव म्हणतात
त्या ओळीपाशी माझा आवाज बसतो.
बाकीची मंडळी पुढे निघून जाते,
आणि बोटांना लागतं
अंगाच्या उबेनं कोमट झालेलं पितळ.

आज गुरुवार.
उद्या सहाला गोदाम उघडायचं आहे.